मोबाईलवर मेल दिसतो, कॉम्प्युटरवर नाही (किंवा उलटं) : हा गोंधळ मुळापासनं कसा सोडवायचा

जानेवारी लागला की आपल्याकडं द्राक्षवाल्यांची धांदल सुरू होते, तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ सगळीकडं एक्स्पोर्टची गडबड, आणि त्या दिवसांत मला एकाच प्रकारचा फोन सारखा येतो. "अहो काल रात्री मोबाईलवर मेल बघितला होता, आता गायब झालाय." मी सांगलीत विश्रामबागला राहतो, लहान ऑफिसांची कॉम्प्युटरची कामं बघतो, मार्केट यार्डातले हळदीचे अडते, बेदाणावाले, कुपवाड एमआयडीसीतली वर्कशॉपं, दोनतीन सीए लोकांची ऑफिसं. इतक्या वर्षांत एवढं कळलंय की मेल सहसा हरवत नाही, मोबाईल आणि कॉम्प्युटर दोघंही त्याच मेलवर हक्क सांगतात आणि त्या ओढाताणीत तो कुठंतरी जाऊन बसतो. तो कुठं बसला हे शोधायचं आणि परत तसं होऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी हे सगळं लिहितोय. जरा लांबलंय, पण घाईत एखादी पायरी गाळली की मेल खरोखर जातो, म्हणून सगळं लिहिलंय.

गेल्या हंगामातली एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. तासगाव भागातले एक अण्णा, स्वतःची बाग आणि थोडाफार एक्स्पोर्ट. युरोपला माल पाठवायचा म्हणजे अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं काम बघणारी सरकारी संस्था) ग्रेपनेटवर, म्हणजे द्राक्षबागांच्या ऑनलाइन नोंदणीत, नोंदलेल्या प्लॉटचा सॅम्पल मान्यताप्राप्त लॅबला जातो आणि औषधांच्या अंशाचा रिपोर्ट आल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. तो रिपोर्ट रात्री साडेनऊला मेलवर आला, अण्णांनी मोबाईलवर बघितला, नीट आहे म्हणून झोपले. सकाळी पॅकहाऊसला पाठवायला मोबाईल उघडला तर मेल नाही, ट्रॅशमध्ये नाही, स्पॅममध्ये नाही. मला फोन आला तेव्हा आवाज कापत होता. मी एकच विचारलं, "अण्णा, ऑफिसचा कॉम्प्युटर कुणी चालू केला का सकाळी?" तर म्हणाले, "व्हय, अकाउंटंट पोरगं आठला आलं, टॅली उघडलं, आउटलूक आपोआप चालू होतंय, आणि ते पावणेनऊला लग्नाला गेलं मिरजेला, कॉम्प्युटर बंद करून." रिपोर्ट त्या बंद कॉम्प्युटरमध्ये होता. आउटलूकनं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मेलच्या सॉफ्टवेअरनं, सर्व्हरवरनं (मेल कंपनीच्या ज्या मशीनवर मेल आधी येतो तिथनं) मेल उचलला, आपल्याकडं ठेवला आणि सर्व्हरवरचा पुसून टाकला. मोबाईलनं पुढच्या सिंकला (सर्व्हरशी ताळमेळ घेताना) बघितलं की सर्व्हरवर नाही, मग त्यानंही आपल्याकडचा काढून टाकला. दोन्ही मशीननी आपापल्या नियमानं बरोबरच काम केलं होतं, नियम तेवढे एकमेकांशी जुळत नव्हते.

आधी हे दोन शब्द समजून घ्या, पीओपी आणि आयमॅप

कॉम्प्युटरवरच्या मेल सॉफ्टवेअरला सर्व्हरवरनं मेल आणायच्या दोन जुन्या पद्धती आहेत. पीओपी १९८४ मधली, तेव्हा माणसाकडं एकच मशीन असायचं त्यामुळं मेल आणायचा आणि सर्व्हर रिकामा करायचा हेच बरोबर होतं. आयमॅप दोन वर्षांनी आलं, १९८६ ला, स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी तयार केलं, त्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि कितीही ठिकाणांवरनं तो बघता येतो.

आपल्याकडच्या माणसाला मी हे बेदाण्यावरनं सांगतो. आयमॅप म्हणजे बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवलाय, पावती तुमच्याकडं आहे आणि भागीदाराकडं पण आहे, कुणीही जाऊन माल बघू शकतो, दहा बॉक्स काढले तर दोघांच्याही हिशेबात दहा कमी होतात. पीओपी म्हणजे टेम्पो लावून माल उचलला आणि स्वतःच्या गोडाऊनला नेला, आता कोल्ड स्टोरेजला जाऊन भागीदारानं कितीही विचारलं तरी तिथं काही नाही. अण्णांचा मोबाईल आयमॅपवर होता आणि ऑफिसचा कॉम्प्युटर पीओपीवर. निम्म्याहून जास्त भांडणं या एका गोष्टीतनं येतात, म्हणून तपासायला सुरुवात इथनंच करायची.

कशालाही हात लावायच्या आधी

मेल दिसत नाही म्हटल्यावर माणूस पहिलं काय करतो तर अकाउंट काढतो आणि परत घालतो. हे करू नका, कळकळीनं सांगतोय. कॉम्प्युटर पीओपीवर असेल तर तुमचे गेल्या पाच वर्षांचे मेल फक्त त्या एका मशीनच्या एका फाइलमध्ये असतात, दुसरीकडं कुठंही नसतात. सेटअप करणाऱ्या पोरानं चुकून "डेटा पण काढू का" ला हो म्हटलं की संपलं.

आधी कॉपी काढा. आउटलूक असेल तर 'फाइल' मध्ये जाऊन 'अकाउंट सेटिंग्ज', त्यात 'डेटा फाइल्स' ची टॅब, तिथं फाइलच्या ओळीवर क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' करा, फोल्डर उघडतो. मग आउटलूक पूर्ण बंद करा, उघडं असताना कॉपी होत नाही, आणि पीएसटी नावाची फाइल, मेल हिच्यातच असतात, पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. ओएसटी नावाची फाइल दिसली तर ती आयमॅपची किंवा एक्स्चेंजची (मायक्रोसॉफ्टची ऑफिसांसाठीची मेल सेवा) आहे, ती सर्व्हरवरनं परत तयार होते, तिची एवढी काळजी नाही. थंडरबर्ड (आउटलूकसारखंच मेलचं दुसरं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर 'हेल्प' मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' मध्ये प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण असतं, थंडरबर्ड बंद करून तो अख्खा फोल्डरच कॉपी करा.

कॉपी होईपर्यंत मोबाईलवर पण काही डिलीट करू नका, आणि ऑफिसमध्ये दुसरा कॉम्प्युटर त्याच मेलवर असेल तर त्याचं इंटरनेट काढून ठेवा, एलएएन केबल काढली तरी चालतं.

खरं काय आहे ते ब्राउझरमध्ये बघा

आता क्रोममध्ये मेलची वेबसाइट उघडून लॉगिन करा, जीमेल असेल तर जीमेल, कंपनीच्या डोमेनचा मेल (@ च्या पुढं कंपनीचंच नाव असलेला) असेल तर होस्टिंगवाल्यानं, म्हणजे त्या मेलसाठी सर्व्हर भाड्यानं देणाऱ्यानं, दिलेलं वेबमेल. तिथं जे दिसतं तेच सर्व्हरवरचं खरं चित्र. मोबाईल आणि कॉम्प्युटर दोन्ही त्याची नक्कल दाखवतात आणि नक्कल शिळी असू शकते.

जीमेलमध्ये शोधताना सर्चच्या पट्टीच्या उजव्या टोकाला बारक्या रेघांचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करून कुठं शोधायचं तिथं 'मेल अँड स्पॅम अँड ट्रॅश' निवडा, नाहीतर साधा सर्च ट्रॅश आणि स्पॅम सोडून शोधतो आणि माणसाला वाटतं मेल नाहीच. ट्रॅशमधला मेल ३० दिवसांनी कायमचा जातो, त्यामुळं ही पायरी पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

इथं अजून एक गोष्ट सापडते, आणि ती मला अगदी नेहमी सापडते. जीमेल अ‍ॅपमध्ये यादीतल्या मेलवर बोट आडवं फिरवलं की तो आर्काइव्ह होतो, म्हणजे डिलीट न होता इनबॉक्समधनं बाजूला जातो, दोन्ही बाजूंना मूळ सेटिंग तेच असतं. बसमध्ये मोबाईल चाळताना बोट फिरतं, मेल इनबॉक्समधनं जातो, कॉम्प्युटरवर पण इनबॉक्समध्ये दिसत नाही, आणि माणूस म्हणतो उडाला. तो 'ऑल मेल' मध्ये असतो. एका हळदीच्या अडत दुकानात मालकांच्या मोबाईलवर असे साठसत्तर मेल आर्काइव्हला सापडले, त्यात दिल्लीच्या पार्टीच्या चौकशा होत्या, कुणी उत्तरच दिलं नव्हतं. जीमेल अ‍ॅपच्या 'सेटिंग्ज' मध्ये 'जनरल सेटिंग्ज', त्यात 'स्वाइप अ‍ॅक्शन्स', तिथं दोन्ही बाजूंना 'नन' करून टाका, घरातल्या वयस्कर माणसाच्या मोबाईलवर तर नक्कीच करा. आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये असाच प्रकार अकाउंटच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये आहे, डिलीट केलेला मेल 'डिलीटेड मेलबॉक्स' मध्ये जायचा की 'आर्काइव्ह मेलबॉक्स' मध्ये ते तिथं ठरतं.

वेबवर मेल सापडला म्हणजे सर्व्हर ठीक आहे, दुखणं त्या एका मशीनच्या सिंकमध्ये आहे. वेबवर कुठंच नाही म्हणजे कुणीतरी टेम्पो लावून उचलून नेलाय.

उचलून कोण नेतंय

जीमेलवर हे शोधायला फार चांगली सोय आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, इनबॉक्सच्या अगदी तळाला उजवीकडं बारीक अक्षरांत 'लास्ट अकाउंट अ‍ॅक्टिव्हिटी' आणि त्याखाली 'डिटेल्स' असं असतं. त्यावर क्लिक केलं की एक खिडकी उघडते, कुठल्या मार्गानं, कुठल्या आयपीवरनं (इंटरनेट जोडणीचा पत्ता), किती वाजता कोण येऊन गेलं त्याची यादी. ब्राउझर, मोबाईल, आयमॅप असं लिहिलेलं असतं, आणि त्यात एखादी ओळ पीओपीची दिसली तर चोर तिथंच आहे. असं एकदा बघताना कळलं की दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलाच्या लॅपटॉपवर अजून ऑफिसचं मेल चालू होतं. वाईट हेतू काही नव्हता, काढायचं राहिलं होतं. पण मेल दोन्हीकडं जात होते.

डोमेनच्या मेलला ही सोय सहसा नसते, तिथं एकेक मशीन तपासायचं. आउटलूकमध्ये 'अकाउंट सेटिंग्ज' च्या 'ईमेल' टॅबमध्ये मेल आयडीसमोर 'टाइप' च्या खाली पीओपी किंवा आयमॅप सरळ लिहिलेलं असतं. अँड्रॉइडच्या जीमेल अ‍ॅपमध्ये डोमेनचं अकाउंट असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये खाली 'इनकमिंग सेटिंग्ज' उघडा आणि पोर्टचा (सर्व्हरच्या दाराचा नंबर) आकडा बघा. ९९३ किंवा १४३ असेल तर आयमॅप, ९९५ किंवा ११० असेल तर पीओपी. हे चार आकडे पाठ करा किंवा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, फोनवर कुणाला समजावताना दुसरं काही विचारायची गरजच पडत नाही, "आकडा किती दिसतोय" एवढं विचारलं की झालं.

पीओपी सापडला की त्याच खिडकीत किंवा 'मोअर सेटिंग्ज' च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये 'लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन द सर्व्हर' वर टिक आहे का बघा. टिक नसेल तर अण्णांसारखं होऊ शकतं. टिक आहे पण त्याखाली 'रिमूव्ह फ्रॉम सर्व्हर आफ्टर' समोर दिवस लिहिलेत, हा आकडा बहुतेक वेळा १४ असतो, तर लक्षण वेगळं दिसतं, दोन आठवडे सगळं छान चालतं आणि मग जुने मेल मोबाईलवरनं गळायला लागतात. लोक म्हणतात मोबाईलच जुने मेल पुसतोय, पण पुसतोय कॉम्प्युटर.

एकदा स्वतः चाचणी घ्या

अंदाजावर सेटिंग बदलण्यापेक्षा अर्धा तास घालवा. घरातल्या दुसऱ्या मेल आयडीवरनं तीन मेल पाठवा, विषयात "चाचणी १", "चाचणी २", "चाचणी ३" लिहा. कॉम्प्युटर बंद ठेवा. मोबाईलवर तिन्ही आले का बघा, पहिला वाचा, दुसरा डिलीट करा, तिसऱ्याला हात लावू नका. वेबमेलमध्ये बघा, तिथं पहिला वाचलेला, दुसरा ट्रॅशमध्ये, तिसरा न वाचलेला दिसला पाहिजे. दिसत नसेल तर गडबड मोबाईलच्या बाजूला आहे. आता कॉम्प्युटर चालू करून मेल येऊ द्या, आणि परत वेबमेल बघा. तिसरा मेल वेबवरनं नाहीसा झाला तर कॉम्प्युटर पीओपीनं उचलतोय. तिसरा जंकमध्ये किंवा भलत्याच फोल्डरमध्ये गेला तर आउटलूकचा जंक फिल्टर किंवा कुणीतरी पूर्वी करून ठेवलेला 'रूल' त्याला हलवतोय. वाचलेला मेल कॉम्प्युटरवर न वाचलेला दिसला तरी समजा पीओपी आहे, कारण वाचलं की नाही ही खूण पीओपीतनं येतजातच नाही.

रूलचं विशेष सांगतो. आउटलूकमध्ये 'मॅनेज रूल्स अँड अलर्ट्स' मध्ये जाऊन यादी बघा. "अमुक पार्टीचा मेल आला की या फोल्डरमध्ये टाक" असा रूल असतो आणि तो फोल्डर कॉम्प्युटरवरच्या पीएसटीमध्ये असतो. मग अकाउंट आयमॅप असलं तरी तो मेल सर्व्हर सोडून कॉम्प्युटरमध्ये जातो आणि मोबाईलवरनं नाहीसा होतो. लक्षण अगदी ओळखता येण्यासारखं आहे, सगळे मेल ठीक, फक्त एकाच पार्टीचे गायब, आणि तेही ऑफिसच्या वेळेतच.

पीओपीवरनं आयमॅपवर न्यायचं कसं

ही मुख्य पायरी, इथं घाई नको. शनिवारी दुपारनंतर बसा.

पीओपी अकाउंटचं आयमॅपमध्ये रूपांतर होत नाही, ना आउटलूकमध्ये ना थंडरबर्डमध्ये, तेच अकाउंट नव्यानं आयमॅप म्हणून जोडावं लागतं. आधी जुन्या पीओपी अकाउंटला 'लीव्ह अ कॉपी' ची टिक करा आणि दिवसांची टिक काढा, म्हणजे काम चालू असताना तरी आणखी मेल उचलले जाणार नाहीत. पीएसटीची कॉपी काढलीच आहे. मग 'अ‍ॅड अकाउंट' मधनं हाताने सेटिंग भरायचा पर्याय घेऊन आयमॅप निवडा. येणाऱ्या मेलचं पोर्ट ९९३ आणि एसएसएल, जाणाऱ्याचं ४६५ ला एसएसएल किंवा ५८७ ला स्टार्टटीएलएस (दोन्ही म्हणजे मेल वाटेत कुणी वाचू नये म्हणून लावलेलं कुलूप), सर्व्हरचं नाव होस्टिंगवाल्याच्या पानावर असतं. जोडून झालं की डावीकडं एकाच आयडीचे दोन संच दिसतील, घाबरू नका, एक जुना गोडाऊनचा आणि एक सर्व्हरचा.

आता गोडाऊनमधला माल कोल्ड स्टोरेजला परत न्यायचा. जुन्या इनबॉक्समधले मेल निवडून नव्या आयमॅपच्या फोल्डरमध्ये कॉपी करा. मूव्ह करू नका, कॉपीच करा, कारण मध्येच लाईट गेली किंवा नेट तुटलं तर मूव्हमध्ये काय इकडं राहिलं आणि काय तिकडं गेलं ते कळत नाही. थोडे थोडे करा, एका वेळी चारपाचशे, वर्षाप्रमाणे फोल्डर करून घेतले तर बरं. हे सगळं अपलोड होतं, त्यामुळं वेळ लागतो, आणि गूगलच्या बाजूला आयमॅपनं अपलोड करायची मर्यादा दिवसाला ५०० एमबी आहे, त्यापुढं गेलं की सिंक अडकल्यासारखं होतं, ते बिघडलेलं नसतं, दुसऱ्या दिवशी पुढं करायचं. अण्णांचे जवळपास अकरा हजार मेल होते, फोटो आणि पॅकिंग लिस्टसकट, त्याला मला पाच संध्याकाळी लागल्या. जागेचा अंदाज आधीच घ्या, जीमेलचे फुकटचे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहेत, आणि डोमेनच्या मेलबॉक्सला तर कधीकधी फारच कमी जागा दिलेली असते. मेलबॉक्स भरला की नवीन मेल पाठवणाऱ्याकडं परत जातात, हंगामात हे झालं तर नुकसान कुणाचं हे सांगायला नको.

प्रत्येक फोल्डर झाला की आकडा ताडून बघा, इकडं ४१२ तर तिकडं ४१२. मग वेबमेलमध्ये जाऊन मधले दोनचार मेल उघडून बघा, अटॅचमेंट उघडते का. एवढं पटल्यावरच पीओपी अकाउंट काढा. थंडरबर्ड काढताना विचारतं, 'रिमूव्ह अकाउंट इन्फर्मेशन' आणि 'रिमूव्ह मेसेज डेटा', दुसऱ्यावर टिक करू नका. पीएसटीची कॉपी कपाटात निदान वर्षभर राहू द्या. जीमेल असेल तर शेवटी वेबवर 'सी ऑल सेटिंग्ज' मध्ये 'फॉरवर्डिंग अँड पीओपी आयमॅप' ला जाऊन 'डिसेबल पीओपी' करून ठेवा, म्हणजे उद्या कुणी चुकून पीओपी लावलं तरी मेल उचलला जाणार नाही.

एखाद्याला काही कारणानं पीओपी ठेवावाच लागतो, जुनं सॉफ्टवेअर असतं, मग निदान एकच मशीन पीओपीवर ठेवा, 'लीव्ह अ कॉपी' टिक ठेवा, आणि हे मान्य करा की मोबाईलवर वाचलेलं कॉम्प्युटरवर न वाचलेलंच दिसणार.

पाठवलेले मेल आणि ड्राफ्ट

मोबाईलवरनं पाठवलेला मेल कॉम्प्युटरच्या सेंटमध्ये नाही, ही दुसऱ्या नंबरची तक्रार. याचं कारण असं की प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या आवडीचा फोल्डर काढतं, एक 'सेंट', दुसरं 'सेंट आयटम्स', तिसरं 'सेंट मेसेजेस', आणि सर्व्हरवर तिन्ही तयार होतात. वेबमेलमध्ये बघून त्यातला मूळ कुठला ते ठरवा, बहुतेक 'सेंट' असतो. थंडरबर्डमध्ये अकाउंटच्या 'कॉपीज अँड फोल्डर्स' मध्ये, आयफोनमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' मधल्या 'मेलबॉक्स बिहेव्हियर्स' मध्ये तोच फोल्डर निवडून द्या, मग बाकीच्या दोन फोल्डरांतले मेल त्यात हलवून ते रिकामे करा.

जीमेलला उलटा त्रास होतो, पाठवलेला मेल दोनदोनदा दिसतो, कारण जीमेलच्या सर्व्हरवरनं पाठवलं की तो आपणहून सेंटमध्ये ठेवतो आणि थंडरबर्ड त्यावर आणखी एक ठेवतं. तिथं थंडरबर्डची 'प्लेस अ कॉपी इन' ची टिक काढायची. जीमेलमध्ये इनबॉक्सचेच मेल परत 'ऑल मेल' मध्ये दिसतात त्याला डुप्लिकेट समजून डिलीट करू नका, तो एकच मेल दोन लेबलांखाली दिसतोय. नको असेल तर जीमेलच्या वेबवर 'लेबल्स' मध्ये 'ऑल मेल' समोरची 'शो इन आयमॅप' ची टिक काढा, कॉम्प्युटरवर तो फोल्डर येणंच बंद होतं आणि हार्ड डिस्कची जागा पण वाचते.

ड्राफ्टचं मात्र सेटिंगनं सुटत नाही, सवयच लावून घ्यायला लागते. कोटेशन कॉम्प्युटरवर अर्धवट लिहिलं, खिडकी उघडीच ठेवली, जेवायला जाताना तेच मोबाईलवर उघडून दर बदलला, की सर्व्हरवर दोन ड्राफ्ट होतात आणि परत आल्यावर कॉम्प्युटरवरचा जुना दर पाठवला जातो. एका मशीनवर ड्राफ्ट बंद करा, मगच दुसऱ्यावर उघडा. ऑफिसचं मेल मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजवर असेल तर आउटलूकमध्ये 'सिंक इश्यूज' नावाचा फोल्डर असतो, त्यात 'कॉन्फ्लिक्ट्स', दोन्हीकडं बदललेल्याची हरलेली प्रत तिथं मिळते, तो फोल्डर महिन्यातनं एकदा तरी उघडून बघा.

पासवर्ड बदलला आणि सगळं ऑफिसच बंद पडलं

हे लवकर लक्षात येत नाही म्हणून सविस्तर. कुणीतरी मेलचा पासवर्ड बदलतं, कॉम्प्युटरवर नवीन टाकतं, मोबाईलवर टाकायचं राहतं. मोबाईल ऑफिसच्या वायफायवर बसून दर थोड्या मिनिटांनी जुन्या पासवर्डनं दार ठोठावतो. डोमेनच्या सर्व्हरला वाटतं कुणीतरी पासवर्ड फोडायचा प्रयत्न करतंय, तो ऑफिसचा आयपीच बंद करतो, आणि मग ज्या कॉम्प्युटरवर बरोबर पासवर्ड आहे तो पण चालत नाही. ओळखायचं कसं, तर मोबाईलचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावरनं कॉम्प्युटरला हॉटस्पॉट द्या, मेल लगेच आला तर आयपी अडकलाय. आधी सगळ्या मोबाईलवर पासवर्ड नीट करा आणि मगच होस्टिंगवाल्याला आयपी सोडायला सांगा, उलट केलं तर तासाभरात परत अडकतो. एका ऑफिसात एक जुना टॅब ड्रॉवरमध्ये चार्जिंगला लावून ठेवलेला होता, तो ठोठावत होता, आम्ही दोन दिवस सगळीकडं शोधत होतो.

जीमेलचं वेगळं आहे. ३० मे २०२२ पासून गूगलनं जुन्या सॉफ्टवेअरला साधा पासवर्ड घालून आत येणं बंद केलं, नवीन आउटलूक आणि थंडरबर्ड गूगलची स्वतःची लॉगिन खिडकी उघडतात, जुन्या आउटलूकला १६ अक्षरी 'अ‍ॅप पासवर्ड' लागतो, तो मिळवायला आधी 'टू स्टेप व्हेरिफिकेशन' चालू पाहिजे. आणि गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की सगळे अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात, म्हणून मोबाईल चालतो आणि जुना कॉम्प्युटर तेवढा बंद पडतो. नवीन अ‍ॅप पासवर्ड तयार करून तिथं घातला की चालू.

बारक्या पण नडणाऱ्या गोष्टी

जुन्या कॉम्प्युटरवर मेल येत नाही आणि सर्टिफिकेटचा एरर येतोय तर उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की लाईट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागं जाते, सर्व्हरचं सर्टिफिकेट (त्याचं ओळखपत्र) त्या तारखेला खोटं ठरतं आणि सिंक थांबतं. सेल रुपयाच्या नाण्याएवढा असतो, घड्याळवाल्याकडं पण मिळतो.

मोबाईलवर मेल उशिरा येतो, अ‍ॅप उघडल्यावरच येतो, तर अ‍ॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, काही कंपन्यांच्या मोबाईलला 'ऑटोस्टार्ट' वेगळं द्यावं लागतं. जीमेल अ‍ॅपमध्ये 'सिंक जीमेल' ची टिक बघा, आणि 'डेज ऑफ मेल टू सिंक' मूळ ३० असतं, म्हणजे रेंज नसलेल्या बागेत बसून महिन्यापूर्वीचा मेल उघडणार नाही, ते ९० करून ठेवा. आयफोनच्या मेल अ‍ॅपला जीमेल लगेच ढकलला जात नाही, 'फेच न्यू डेटा' मध्ये दर १५ मिनिटांचं सेटिंग ठेवा किंवा जीमेलचं अ‍ॅपच घ्या.

आउटबॉक्समध्ये अडकलेला मेल असेल तर अटॅचमेंट किती मोठी आहे बघा, जीमेलला २५ एमबीपर्यंतच जातं, आणि असा एक मेल अडकला की त्याच्यामागं बाकीचे पण थांबतात.

सगळं झाल्यावर ती तीन चाचणी मेलची पद्धत परत एकदा करा, आणि आठवड्यानं अजून एकदा. आणि कॉम्प्युटर बदलला किंवा फॉरमॅट केला त्या दिवशी तर करायचीच, कारण दुकानातला पोरगा घाईत असतो, पहिला दिसेल तो पर्याय निवडतो आणि परत पीओपी लागतो. अण्णांनी यंदा नवीन कॉम्प्युटर घेतला, बसवणारा अजून तिथंच होता तेव्हा मला फोन केला आणि स्क्रीनवरचा आकडा वाचून दाखवला, "नऊ नऊ तीन दिसतंय, बसवू द्यू का त्याला?" मी म्हटलं, बसवू द्या.